डाव्या पंखाखालचा माणूस

सर्वप्रथम क्षमा मागतो. गूढ अनुभवांच्या या सदरात लिहिणारे आणि वाचणारे दोघेही सराईत आहेत. मी बत्तीस वर्षे महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवलं आणि प्रयोगवहीतल्या निष्कर्षापलीकडे स्वतःहून कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. साठी ओलांडल्यावर लेखणी हातात धरावी, आणि तीही अशा विषयासाठी... हा आगाऊपणा आहे, याची मला जाणीव आहे. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. नुसता नव्हता असं नाही, तर तो नसणं ही आमच्या घरची कमाई होती. वडिलांनी धम्मदीक्षा घेतली, त्या दिवशी घरातून देव्हारा, अंगारा, उतारा सगळं एकदमच गेलं. माझा जन्म त्यानंतरचा. मुलं लहानपणी अंधाराला घाबरली की मी त्यांना हाताला धरून त्याच अंधारात नेत असे. तेव्हा पुढे जे लिहितो आहे, ते मलाच लिहायला जड जातं आहे.

माझा मित्र सर्जेराव. आठवीत आम्ही एका बाकावर आलो, ते पुढे कायमचे. त्याचा कागल पंचतारांकित एमआयडीसीत कास्टिंगचा कारखाना आहे. पन्नाशीनंतर त्याने विमान चालवायचं लायसन्स काढलं आणि दोघा भागीदारांबरोबर एक जुनं चार आसनी विमान घेतलं. एका कारखान्याच्या खाजगी धावपट्टीवर ते उभं असे. मला विमान चालवता येत नाही. माझं काम एवढंच, की शेजारच्या सीटवर बसून तपासणीचं कार्ड मोठ्याने वाचायचं. मी एकेक बाब वाचायची आणि त्याने "झालं" म्हणायचं.

"मास्तर, तुझा आवाज वर्गातला हाय," तो म्हणायचा. "तू वाचलंस की चूक करायला भ्या वाटतं बघ."

त्याला शिकवणारे कॅप्टन सांगत, की छोटी विमानं मोठ्या कारणांनी पडतच नाहीत. पेट्रोल संपतं, पेट्रोलमध्ये पाणी शिरतं, नाहीतर माणूस उगाच ढगात घुसतो. आणि पुष्कळदा असं होतं, की एकाला वाटतं दुसऱ्याने बघितलंय आणि दुसऱ्याला वाटतं पहिल्याने. हे वाक्य सर्जाने मला इतक्यांदा ऐकवलं होतं, की मला ते पाठ होतं.

पाण्याचं थोडं समजावून सांगतो. पंखात टाकी असते आणि पंखाखाली एक छोटी झडप. उड्डाणाआधी ती झडप काचेसारख्या पारदर्शक नळीने दाबून थोडं पेट्रोल काढायचं आणि उजेडात धरायचं. आमचं पेट्रोल फिकट निळं. पाणी जड, ते तळाशी बसतं. निळ्याच्या खाली बिनरंगी पट्टा दिसला, की उडायचं नाही.

गेल्या दसऱ्यानंतरचा रविवार, सकाळचे साडेआठ. शेडच्या पत्र्याचं काम निघाल्यामुळे विमान आठ दिवस उघड्यावर होतं आणि मधले तीन दिवस परतीचा पाऊस झाला होता. त्या दिवशी मात्र ऊन स्वच्छ होतं. पन्हाळ्यावरून एक फेरी मारून परत यायचं ठरलं होतं. आम्ही पोहोचलो, तेवढ्यात फाटकाशी आजऱ्याचे एक काजू कारखानदार गाडी घेऊन आले. सर्जाच्या ओळखीचे. "या की पावणं, हिकडं कुठं वाट चुकला?" असं ओरडत तो तिकडे गेला.

मी शेडच्या पायरीवर उभा राहून कार्ड वाचत होतो. विमान माझ्यापासून तीसेक पावलांवर. मान वर केली, तेव्हा सर्जा डाव्या पंखाखाली होता. त्याचं मरून रंगाचं अर्ध्या बाह्यांचं जाकीट, गुडघा टेकताना कमरेला हात लावायची त्याची सवय... सगळं त्याचंच. त्याने झडपेला नळी लावली, पेट्रोल काढलं, उठून उन्हात धरलं. नळी वरपासून तळापर्यंत निळी होती. हे मी आजही शपथेवर... नाही, तो शब्द इथे नको. मी ते पाहिलं. त्याने माझ्याकडे बघून अंगठा वर केला, पेट्रोल गवतावर फेकलं आणि शेपटीकडच्या बाजूला वळला.

मी पाण्याची बाटली गाडीत ठेवायला गेलो. परत आलो, तेव्हा तो फाटकाकडून चालत येत होता. इतक्या लवकर हा पुन्हा फाटकाकडे कसा गेला, एवढंच तेव्हा क्षणभर मनात आलं. विचारलं मात्र नाही. माझा स्वभाव विचारण्याचा नाही, आणि याची खंत मला जन्मभर राहील.

आत बसलो. मी वाचत गेलो. "पेट्रोल तपासणी?"

"झालं की!" तो हसला. "मास्तर, लई शिकलास आज."

मला वाटलं, तो माझ्या वाचण्याचं कौतुक करतो आहे.

विमान उठलं. जेमतेम दोन-तीन माड एकावर एक उभे केले तर होईल, एवढी उंची गाठली होती. इंजिन एकदा खोकलं, दुसऱ्यांदा खोकलं आणि बंद पडलं. त्या शांततेचं वर्णन मला करता येणार नाही. सर्जाने मात्र डोकं शाबूत ठेवलं. एवढ्या कमी उंचीवर मागे धावपट्टीकडे वळण्याचा मोह भल्याभल्यांना होतो आणि त्यातच माणसं जातात. तो वळला नाही. नाक खाली केलं आणि समोरच्या काढणी झालेल्या भुईमुगाच्या रानात विमान उतरवलं. पुढचं चाक मोडलं, आम्ही एका बांधावर आदळलो. त्याचं खांद्याजवळचं गळ्याचं हाड मोडलं, माझं कपाळ फुटलं. जीव वाचले ते त्याच्यामुळे, हे मी कधीही नाकारणार नाही.

धुरळा खाली बसला. तो खांदा धरून माझ्याकडे वळला आणि त्याचा पहिला शब्द मला विसरता येत नाही.

"पाणी होतं रे मास्तर. तू बघितलं न्हाईस?"

"मी?" मी म्हटलं. "तपासणी तू केलीस ना?"

"मी कवा? मी तर पावण्यासंगं बोलत हुतो. तूच वाकलेलास की पंखाखाली! नळी उन्हात धरलीस, मला अंगठा दावलास. म्हटलं, चला, मास्तर शिकला."

मला वाटलं, डोक्याला मार लागला असावा. त्यालाही माझ्याबद्दल तेच वाटलं असणार.

पुढे चौकशी झाली. दोघांचे लेखी जबाब घेतले. मी लिहिलं, की सर्जेरावांना पेट्रोल तपासताना मी स्वतः पाहिलं. त्याने लिहिलं, की प्राध्यापकांना तपासताना मी स्वतः पाहिलं. आजऱ्याच्या पाहुण्यांनी सांगितलं, "त्ये माझ्यापसनं हललंच न्हाईत. इमानाकडं माझी पाठ हुती, तिकडचं मला काय म्हाईत न्हाय." म्हणजे त्याला साक्षीदार होता. मला कोणीही नव्हतं. मी पायरीवर उभा होतो, हे फक्त मलाच माहीत.

मग मेकॅनिक दिनकरने नवीनच गोष्ट सांगितली. ती तपासणीची नळी आदल्या आठवड्यात तडकली होती, म्हणून त्याने ती काढून आपल्या कपाटात कुलपात ठेवली होती. नवी अजून यायची होती. विमानात नळीच नव्हती! मी हे सर्जाला सांगायला धावत गेलो. खरं सांगतो, मला आनंद झाला होता. आता दोघेही सुटलो, असं वाटलं. दोघांनाही भास झाला, दोघेही खरे.

सर्जा हात गळ्यातल्या पट्ट्यात अडकवून दिवाणावर बसला होता. त्याने ऐकून घेतलं आणि थंडपणे म्हणाला, "म्हंजे मी खोटं बोलतोय."

"तसं नाही सर्जा. आपण दोघांनीही..."

"मास्तर, इमान माझं, लायसन माझं, दोष माझ्याच माथी हाय. तो मी घेतलाय. तुला शिक्षा व्हावी म्हणून लिहिलं न्हाय मी. पर तू माझ्या नावावर का खपवलंस, येवढंच सांग."

"मी खपवलं नाही. मी पाहिलं."

त्याने गळ्यातला पट्टा नीट केला. मग म्हणाला, "चल जोतिबाला. दोघंबी जाऊ. पायरीवर हात ठेव आणि सांग, मी हे बघितलं म्हणून. मी मान्य करतो."

इथे एक सांगायला हवं. आठवीच्या सहलीत सगळा वर्ग गुलालात न्हाऊन जोतिबाच्या देवळात गेला होता आणि मी बाहेर थांबलो होतो. कोणी काही विचारण्याआधी सर्जा परत फिरला आणि माझ्या शेजारी येऊन बसला. वर्गशिक्षकांनी हटकलं, तेव्हा म्हणाला, "पाय दुखत्यात." त्यानंतर इतक्या वर्षांत त्याने मला कधी प्रसाद घे म्हटलं नाही, नमस्कार कर म्हटलं नाही. मला वाटायचं, माझं घर त्याला माझ्याइतकंच कळलं आहे. आणि आज तोच माणूस माझ्या शब्दाला पुरावा म्हणून पायरी मागत होता.

"मी शपथ घेत नाही, सर्जा. तुला माहीत आहे," मी म्हटलं. "माझा शब्द तुला पुरायला हवा."

"पुरला असता की," तो म्हणाला, "तर इचारलं असतं व्हय?"

मी उठून आलो.

आठ दिवसांनी वहिनींचा फोन आला. "भावजी, हे एकटेच गेलते डोंगरावर. पायरीवर हात ठेवून बोलले, मास्तरला बघितलं म्हणून. लई रडले हो." आणि म्हणाल्या, "तुमी का नाही गेलात?"

सर्जाची श्रद्धा मी जवळून पाहिली आहे. त्या पायरीवर तो खोटं बोलणार नाही, हे मी माझ्या अविश्वासासकट मानतो. म्हणजे त्याने मला पंखाखाली पाहिलं. आणि मी त्याला पाहिलं. तिथे तर आम्ही दोघेही नव्हतो, आणि नळीही नव्हती. बत्तीस वर्षे मी मुलांना सांगत आलो, की मोजा, पाहा, मग बोला. मी पाहिलं होतं आणि त्यावरच बोललो. ते जे काही होतं, त्याने आम्हाला इजा केली नाही, घाबरवलंही नाही. त्याने फक्त अंगठा वर केला आणि आम्हा दोघांना निश्चिंत करून वर पाठवलं. दग्याची याहून सोपी रीत मला माहीत नाही.

सर्जाने विमानातला आपला हिस्सा सोडून दिला आहे. गेल्या महिन्यात महाद्वार रोडवर तो समोरून आला. मी थांबलो. तो थांबला नाही.

सावल्या, उन्हाची तिरीप, धक्क्याने बदललेली आठवण... सगळं तपासून झालं. स्पष्टीकरण आजही नाही, आणि ते मिळेल असं वाटतही नाही. पण मला छळतो तो प्रश्न त्या पंखाखालच्या माणसाचा नाहीच. सर्जा खोटं बोलला नाही, हे मला पटलं आहे. मी खोटं बोललो नाही, हे त्याला पटलेलं नाही, कारण मी डोंगर चढलो नाही. आपण वाचकांपैकी कोणी माझ्या जागी असता, तर गेला असता का?