कुंकवात अडकलेली बंदूक

अडकलेली बंदूक कशी असते ते मला कुणी सांगू नये. अख्खी नोकरी पोलिसांच्या शस्त्रागारात काढली मी. हत्यारं उघडायची, पुसायची, तेल देऊन परत जोडायची, हेच काम. पण मागच्या दसऱ्याला करमाडला माझ्या थोरल्या भावाच्या अंगणात जी घाण बघितली, तिची शिसारी अजून जात नाय.

दादाची जमीन कारखान्यांना गेली आणि त्या पैशातून त्याच्या घरात ही पंप ॲक्शन बंदूक आली. पुढची मूठ मागं ओढून पुढं सारली की काडतूस नळीत जातं. लई ऐट त्या आवाजाची! लायसन रानडुकरांच्या नावावर काढलेलं, पण डुकरानं काय, घरातल्या उंदरानंही तिचा बार ऐकलेला नाय. ती कपाटात असते आणि दसऱ्याला पाटावर येते. मग हळद-कुंकू, अक्षता, नारळाचं पाणी, आणि चकाकी यावी म्हणून वरून गोडंतेल. व्हय, गोडंतेल, फोडणीचं! पूजेचं कुंकू पुसायचं नसतं, म्हणून ते कधी कुणी पुसलं नाय. दरसालचा थर वेगळा. वाकून बघितलं तर खवट वास आला.

"दादा, अरे ही उघडून साफ केली होतीस का कधी?"

"देवापुढं मांडायची वस्तू हाय ती. तिला काय फडकं मारायचं?"

कपाळ माझं!

पूजा झाली. वहिनी आरतीचं ताट घेऊन पाटाच्या पलीकडं उभी होती. दादाच्या दोस्तांनी मोबाइल वर केले, कारण दादाला हवेत बार काढायचा होता. हा गुन्हा आहे, असं मी चारचौघांत ओरडून सांगितलं. "सणासुदीचं कटकट नको," म्हणाला. मूठ कशीबशी रेटून काडतूस भरलं, बंदूक आभाळाकडं धरली. सगळ्यांनी माना वर केल्या. काहीच नाय. दोस्त फिदीफिदी हसायला लागले.

दादाचं तोंड लाल झालं. बंदूक कमरेशी घेऊन तो इकडं दाब, तिकडं दाब करायला लागला. मग मूठ ओढायला गेला, ती हलेना. दातओठ खाऊन ओढतोय, आणि नळी कुठं वळलीय याची शुद्ध नाय. नळी सरळ वहिनीच्या पोटासमोर. एक दोस्त म्हणतो, मागचा दस्ता आपट जमिनीवर. दुसरा म्हणतो, नळीत फुंकर मार. थू तुमच्या जिंदगानीवर!

मी मधे घुसले, नळी वर ढकलली आणि बंदूक हिसकावून घेतली. कधीकधी बार उशिरा उडतो, म्हणून तोंड मोकळ्या शेताच्या बांधाकडं करून बराच वेळ तशीच धरून ठेवली. मग मूठ ओढली. ढिम्म. फटीत भिजून फुगलेले तांदूळ, त्यावर तेलाचा डिंक, त्यात कुंकवाचा चिखल. शेवटी जोर लावून हिसका दिला, तेव्हा करकरत मागं आली आणि काडतूस पायाशी पडलं. माझी बोटं लाल, चिकट झाली.

काडतूस उचलून उलटं केलं. बुडाच्या पितळेत बरोबर मधोमध एक बारीक खड्डा होता. म्हणजे आतली पिन काडतुसावर आदळली होती. त्या डिंकातून येताना तिचा जोर गेला, एवढंच.

"दादा, घोडा कधी दाबलास?"

"वर धरली तवा लॉक काढायचंच राहिलं. खाली घेऊन काढलं आन दाबून बघितलं. वाजली नाय, म्हणून तर म्हणतो अडकली."

वहिनीनं ताट खाली ठेवलं. दादा उभा होता तिकडं बघितलं, मग स्वतःच्या पायांकडं.

"म्हणजे माझ्यावर," ती म्हणाली.

दादानं हात जोडले. "देवीनं राखलं बघ तुला," म्हणाला, आणि ताटातलं चिमूटभर कुंकू घेऊन परत त्याच बंदुकीला लावायला आला. सख्खा भाऊ माझा, पण अशी किळस मला आजवर कुणाची आली नव्हती.

वहिनीनं त्याचं मनगट धरलं.

"वन्सं, ही जमा कुठं करायची असती?"

"पोलीस ठाण्यात."

"आज सणाचं उघडं असतं?"

"असतं."

"मग चला. गाडी मी चालवते." आणि दादाकडं न बघता म्हणाली, "अहो, लायसन आणा."