पडद्यावरचा कारखाना

कॉलेजच्या लॅबमध्ये धूळ आणि किस्से सारखेच साचतात. धूळ झाडायला शिपाई तरी येतो. किस्से माझ्याकडेच राहिलेत.

तेव्हा औरंगाबादकडे नवनवे कारखाने येत होते आणि जो तो ऑटोमेशनचं नाव घेत होता. बीडजवळच्या आमच्या कॉलेजनं यंत्रं चालवणारा एक कंट्रोलर घेतला. पोरं बिघडवतील म्हणून प्राचार्यांनी तो कपाटात कुलूपबंद केला. मग मी कॉम्प्युटरवर सिम्युलेशन शिकवायला लागलो. टाकी, पंप, पट्टा, सगळं पडद्यावर.

*

पहिल्याच दिवशी माझी टाकी भरून वाहायला लागली. तलवाड्याचा बाळू अस्वस्थ झाला.

"सर, पाणी कावून वाया घालवायलाव? बंद करा की."

"अरे, चित्रातलं पाणी आहे ते."

"आसंल. पण बघवंना."

*

एकदा ऐन प्रॅक्टिकलमध्ये लाईट गेली. अंधारात प्राचार्य दारात उभे. "काय चाललंय?"

पाटोद्याची शैला शांतपणे म्हणाली, "सर, कारखाना बंद पडल्यावर काय करायचं, ते शिकतोय."

प्राचार्य "छान, छान" म्हणत गेले.

*

तोंडी परीक्षेला पुण्याचे परीक्षक आले. त्यांनी बाळूला विचारलं, "पट्ट्यावर माल अडकला तर काय कराल?"

"एस्केप दाबीन."

"आणि खऱ्या कारखान्यात?"

बाळूनं जरा विचार केला. "आधी कीबोर्ड हुडकावा लागंल, सर."

परीक्षक इतके हसले, की पुढचा प्रश्न राहूनच गेला. बाळू पास.

*

शैलाला औरंगाबादच्या एका बाटल्या भरण्याच्या कारखान्यातून मुलाखतीचं बोलावणं आलं. तिच्या वडिलांचं किराणा दुकान. ही नोकरी हुकली तर लग्न, असं घरात ठरलेलं. खरं मशीन तिनं कधीच पाहिलं नव्हतं. मला तिच्यापेक्षा जास्त धाकधूक.

पुढचं तिनंच नंतर सांगितलं. मॅनेजरनं तिला थेट मशीनपुढं उभं केलं. "बाटल्या मधूनमधून रिकाम्या जातायत. का ते सांगा." आणि बटण दाबलं. केवढा तो खडखडाट! शैला दोन पावलं मागं सरकली. मग तिनं दोन्ही कानांत बोटं घातली, वाकली, आणि पॅनेलवरचे दिवे बघत राहिली. थोड्या वेळानं मशीन थांबवायला सांगून एका सेन्सरकडं बोट दाखवलं. "बाटली आली तरी कधीकधी ह्याचा दिवा लागत न्हाई. म्हणून ती तशीच पुढं जाते."

बरोबर निघालं. सोमवारपासून या, म्हणाले. निघताना मॅनेजरनं विचारलं, "कानात बोटं का घातली होती?"

"आमच्या कॉलेजातलं मशीन बोलत न्हाई, सर. हे बोलायला लागलं, की मला दिवे दिसत न्हाईत."