निंगव्वाचे कान खणखणीत

बाळीवेशीत सिद्धलिंगप्पाची पिठाची गिरणी होती आणि तिला लागूनच घरचं स्वयंपाकघर. दिवसभर मोटार घरघरायची आणि तिच्यावर आवाज चढवून अख्खं घर ओरडायचं. अर्धं मराठीत, अर्धं कानडीत, आणि तेही पाठमोरं! मोहोळहून सून म्हणून आलेल्या निंगव्वाला यातलं धड काही उमगायचं नाही. आवाज कानात घुसायचा, पण शब्द एकमेकांत कालवलेले. बिचारी मग सगळ्यालाच 'व्हय' म्हणायची.

चौऱ्याहत्तर सालचा श्रावणी सोमवार. चुलीवर आधण उकळत होतं. सासू काशम्मा परसातूनच ओरडली, "बेळे हाकु!" म्हणजे डाळ टाक. निंगव्वाला ऐकू आलं 'बेल'. त्यात सोमवार, मग तिला वावगं ते काय वाटणार? देव्हाऱ्यातली बेलपानं आणून तिनं आधणात सोडली.

"अगं बया! महादेवाला आमटीत बुडवतीस व्हय गं?" काशम्मानं गल्ली गोळा केली.

बहिरी पोर गळ्यात मारली म्हणून सासरा सिद्धलिंगप्पा तिला कानाच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. शांत खोलीत डॉक्टर कुजबुजले तेसुद्धा तिनं जसंच्या तसं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "कान खणखणीत आहेत. गलक्यात मात्र हिला शब्द वेगळे काढता येत नाहीत. आधी नावानं हाक मारा. तिनं बघितलं की समोरासमोर, एका वेळी एकच गोष्ट सांगा. आणि तेवढ्यापुरती गिरणी बंद ठेवा."

शिव शिव! सासऱ्यानं सुनेच्या तोंडाकडं बघायचं? नवऱ्यानं चारचौघांत बायकोचं नाव घ्यायचं? आणि वर गिरणी बंद? डॉक्टरांनी बाटलीभर लाल पाणी दिलं असतं तर या घरानं ते भक्तिभावानं पाजलं असतं हो! कान चांगले, म्हणजे पोरगी सोंग करतेय, असा घरचा निकाल लागला.

नवरा रुद्रप्पाला खरं ठाऊक होतं. गच्चीवर दोघंच असले की तिला त्याचा शब्द न् शब्द कळायचा, ती हसायचीसुद्धा. पण वडिलांसमोर गड्याची दातखीळ बसायची.

शेवटी तिला कायमची माहेरी धाडायचं ठरलं. न्यायला तिचा बाप मल्लप्पा आला. गिरणीच्या घरघरीतच बैठक बसली. चार पाहुणे एकदम बोलत होते. मग भिंतीकडं बघत सिद्धलिंगप्पानं काहीतरी विचारलं आणि सगळ्यांनी तिच्याकडं माना वळवल्या. 'व्हय' अगदी जिभेवर आलं होतं. पण बापाचा चेहरा बघून तिनं ते गिळलं. हे 'व्हय' महागात पडणार!

ती उठली, गिरणीत गेली आणि मोटारीचा खटका खाली ओढला. पट्टा फडफडत थांबला.

डोक्यावरचा पदर कानामागं सारून ती सासऱ्यासमोर उभी राहिली. "मामा, मला ऐकू आलं न्हाय. आता माज्याकडं बगून विचारा."

सिद्धलिंगप्पानं धोतराचा सोगा चाचपला. मघाशी गलक्यात फेकलेलं वाक्य आता शांततेत पुन्हा म्हणायचं होतं.

"म्हंजे... माहेरी जातीस न्हवं, कायमची?" तो कसाबसा पुटपुटला.

"न्हाय," निंगव्वा म्हणाली.

आणि ते मात्र सगळ्यांना पहिल्या झटक्यात ऐकू गेलं.