कानाशी लागून

सुरतेच्या लूम कारखान्यात वीस वर्षं काढली की माणसाला दुसऱ्याच्या कानाशी तोंड नेऊनच बोलायची सवय लागते. मागांच्या खडखडाटात दुसरा इलाजच नसतो. तिथल्याच डिंडोली भागात घरी आल्यावरही मी बायकोशी तसाच बोलायचो, आणि ती तोंड फिरवून भाकरी थापत राहायची. मला वाटायचं, रुसली असेल. शेवटी मुलीनेच सांगितलं, "पप्पा, तुमच्या तोंडाला वास येतो."

माझं डोकंच फिरलं. रोज दोनदा दात घासणारा माणूस मी! रागारागाने आठवडाभर लवंगा चघळल्या, पण वास काही हटेना. मग मुकाट्याने दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

त्यांनी विचारलं, "ड्यूटीवर पाणी किती पिता?"

मी ऐटीत म्हणालो, "बारा तासांत एक ग्लास. चालू माग सोडून मी उठत नाही."

"म्हणूनच तोंड कोरडं पडतं," त्या म्हणाल्या. "कोरड्या तोंडाला वास येणारच. त्यात जिभेवर पांढरा थर आणि दातांवर कीटण."

दात साफ करून घेतले, जीभ घासायची जिभली आणली आणि मागाशेजारच्या खिळ्याला पाण्याची बाटली टांगली. कारीगर आधी हसले. आता त्या भिंतीला आणखी चार बाटल्या लटकतात.

परवा सवयीने बायकोच्या कानाशी जाऊन चहा मागितला. तिने तोंड फिरवलं नाही. हसून म्हणाली, "हळू बोला हो, मी इथेच आहे."