अठराच्या आतले हात

थांबा सरांनी आम्हाला वेल्डिंग शिकवलं ते हात पाठीमागे बांधायला लावून. यात गंमत काही नाही. जालन्यातल्या आमच्या प्रशिक्षण केंद्राचा नियमच होता की अठरा पूर्ण झाल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही. आणि केंद्रात येणारी मुलं दहावी होऊन आलेली, म्हणजे सोळाची. मग सर स्वतः रॉड पेटवत आणि आम्ही डोक्याला काळ्या काचेची शिल्ड अडकवून, हात मागे घेऊन, देवळात आरतीला उभं राहावं तसे उभे. कुणी जरा पुढे सरकलं की सर ओरडत, "थांबा!" त्यांचं खरं नाव हजेरीपुरतंच उरलं होतं.

वर्गात मी एकटी मुलगी. केदारखेड्याहून येऊन जालन्यात मावशीकडे राहत होते. वर्षाच्या शेवटी अठराच्या आतल्यांना नुसत्या लेखीचा कागद मिळे. प्रात्यक्षिकासाठी अठरा झाल्यावर परत यायचं. मुलांना त्याचं काही वाटत नसे. माझी गोष्ट वेगळी होती. अठरा पूर्ण झाले की मला मशीन मिळणार होतं आणि त्याच मुहूर्तावर, घरच्यांच्या हिशेबाने, नवरा. दोन्ही एकदम कसं जमणार? आत्ता हातात काही आलं तर आलं, नाहीतर मी कायमची घरी, हे मला पक्कं माहीत होतं.

सोमवार आला की सर आधी सगळ्यांचे डोळे बघत. शहागडची दोन मुलं रविवारी हायवेवर काकांच्या गॅरेजमध्ये ट्रकच्या बॉड्या जोडत, तेही काच न लावता. डोळे लालभडक, पाण्याची धार. सर विचारत, "काल कुणाच्या लग्नाला गेल्ता रं?" मग डब्यातून बटाट्याच्या थंडगार चकत्या काढून त्यांच्या डोळ्यांवर ठेवत आणि शिव्या घालत. रविवारी रात्रीच सर बटाटे कापून ठेवत असणार असं आम्हाला वाटे, पण विचारायची हिंमत कुणाची?

त्यांच्या मनात काय आहे, याचा मला कधी थांग लागला नाही. सकाळी म्हणत, "या वयात हात न्हाई वळला तर मंग काय म्हातारपणी वळंल?" दुपारी त्याच तोंडाने, "अठराच्या आत हात लावला तर तंगडं तोडीन." शहागडच्या एकाने एकदा वाद घातला, "सर, मी कागदावर सतराचा, पण खरा अठराचा हाये."

सर म्हणाले, "मी कागदावर सत्तावन्नचा, खरा पंचावन्नचा. शाळेत जल्दी बसवायला गुरुजींनी एक जून लिहून टाकला, वर दोन वर्षं वाढवून. मंग मला इथं दोन वर्षं जास्ती ठेवतील का? बस खाली."

त्याच वर्षी, आमची परीक्षा तोंडावर आली असताना, नियम ढिला झाला. सोळा पूर्ण, पालकांची संमती आणि अनुभवी निदेशक शेजारी उभा, एवढं असलं की हात लावायला मोकळीक. ऑफिसातले क्लार्क हसत म्हणाले, "तुमच्याच सरांनी साहेबांचं डोकं खाल्लं. चार वर्षं लागून राह्यले होते मागं." घरच्यांच्या सह्या आणून आम्ही नाचतच वेल्डिंगच्या शेडमध्ये गेलो. सर म्हणाले, "हात मागं."

आम्हाला काही उमजेना. आठवडा गेला, मग दुसरा. ज्यांनी नियम बदलून आणला, तेच आम्हाला रॉड धरायच्या होल्डरला शिवू देईनात. मुलं त्यांना भित्रा म्हणू लागली. मला रागही येई आणि वाईटही वाटे. शेवटी मी एकटी शेडमध्ये गेले आणि रडायचंच बाकी ठेवून विचारलं, "सर, मला दुसरी बारी न्हाई. तुम्हीच मागितलं, मंग आता का देत न्हाई?"

सर रॉडचा पुडा उगाच उलटासुलटा करत राहिले. म्हणाले, "मागतानी भ्या वाटलं न्हाई गं. मिळाल्यावर वाटायलं."

एवढंच. मी तशीच शेडबाहेर आले.

मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी, गुरुजींच्या कृपेने, सर रिटायर होत होते. हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या, शाल-श्रीफळ तयार, साहेबांचं भाषण सुरू. सत्कारमूर्ती मात्र उठून शेडकडे निघालेले. जाताना त्यांनी मला खुणावलं. माझ्या मागे सगळा वर्ग आला. शिपाई बोलवायला आला तर सर म्हणाले, "थोडं थांबा म्हणावं, येऊन राह्यलो."

त्यांनी माझ्या हातात होल्डर दिला. माझा रॉड पहिल्यांदा पत्र्याला चिकटला. दुसऱ्यांदाही चिकटला. तिसऱ्यांदा मात्र पेटला आणि तेलात भजी पडावीत तसा आवाज करत पुढे सरकला. वाकडीतिकडी का होईना, रेघ झाली. शिल्ड वर करून पाहते तर सर माझ्या खांद्याशी उभे, त्यांची शिल्ड कपाळावर सरकवलेली आणि डोळे गच्च मिटलेले.

"सर, बघितलं का?"

"न्हाई. ऐकलं. आवाज बराबर होता."

मग त्यांनी एकेकाला होल्डर दिला. हॉलमधल्या खुर्च्या रचून झाल्या तेव्हा साहेबच शाल घेऊन शेडमध्ये आले.

पुढे महिनाभर मी नव्या निदेशकांकडे हात बसवला आणि प्रात्यक्षिकाला माझ्याशेजारी तेच उभे होते. मी पास झाले आणि केंद्राने मला मदतनीस म्हणून ठेवून घेतलं. अठरा पूर्ण झाले त्या महिन्यात गावी पाहुणे आले. वडिलांनी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, "पोरगी ड्यूटीवर हाये, आत्ता न्हाई जमायचं." हे आईने फोनवर सांगितलं तेव्हा मी खरोखरच ड्यूटीवर होते आणि शेडमागे जाऊन पोटभर रडले.

आता मीच तिथे निदेशक आहे. परवा सरांना भेटायला त्यांच्या गावी, कुंभार पिंपळगावला गेले. पाहुण्यांची ती गोष्ट ऐकून ते खूश झाले, घरात दोनदा चहा सांगितला. तेवढ्यात मी विचारून घेतलं, "सर, खरं सांगा, तुम्ही त्या अठराच्या नियमाच्या बाजूचे होते का विरुद्ध?"

"मला समजलं असतं तर तुला सांगितलं नसतं का?" सर म्हणाले. मग त्यांनीच विचारलं, "तू आता सोळाच्या पोरांना हात लावू देतीस?"

"देते," मी म्हणाले. "पण त्यांचा रॉड विझेपर्यंत मला धड श्वास घेता येत न्हाई."

सरांनी दुसरा चहा माझ्यापुढे सरकवला.

"हां," ते म्हणाले. "मंग बराबर हाये."