नॅचरल म्हणजे रिलॅक्स

मुलुंड पूर्वेला आमच्या घराजवळ, एका टॉवरच्या तळमजल्यावर, सलून आणि दातांच्या दवाखान्याच्या मध्ये एक म्युझिक अकादमी आहे. ऑफिसमधून वेळेआधी निवृत्ती घेतल्यावर मी तिथे कीबोर्ड शिकायला जाऊ लागले. माझी धाकटी जाऊ नाहूरला राहते. तीही माझ्या नादाने आली. ती कुडाळकडची. राग आला की अजून मालवणी बोलते, आणि त्या क्लासात ती बरंच मालवणी बोलली.

पेटी मला थोडीफार येत होती. माहेरी भजनी मंडळ होतं, आई काळी चारमधून गायची आणि मी सूर धरायची. कोमल गंधार, तीव्र मध्यम हे शब्द मला कुणी शिकवले नव्हते, कानावरून गेले होते. म्हणून वाटलं, इंग्रजी पद्धत सोपी जाईल.

आमचे सर पस्तिशीचे. खोलीतही टोपी घालत. मराठी माणूस, पण मराठी बोलताना परक्याच्या घरी जपून जेवल्यासारखं बोलायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, "पांढऱ्या पट्ट्या नॅचरल, काळ्या शार्प. बस, थिअरी संपली."

"मग फ्लॅट कुठे असतो सर?" मी विचारलं.

"सेम काळ्या पट्ट्या, मॅम. हॅपी गाणं असलं की शार्प, सॅड असलं की फ्लॅट."

बाकीच्यांनी हे वहीत उतरवून घेतलं. त्यात एक निवृत्त इंजिनिअर होते, एक कॉलेजात शिकवणाऱ्या बाई होत्या. कुणाच्या कपाळावर आठी नाही. जाऊ माझ्या कानाशी म्हणाली, "ताई, ह्येका कायव येणा नाय गो."

मी पुढच्या वेळी पुन्हा विचारलं, ई आणि एफ या दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या मध्ये काळी पट्टी का नाही? सर हसले. "मॅम, ओव्हरथिंक करू नका. पियानो ज्याने बनवला त्याला विचारा." सगळे हसले. सरांना विनोद येत होता, एवढं मी मान्य करते.

घरी आले आणि माळ्यावरची पेटी काढली. भाता थोडा फाटला होता, पण सूर लागत होते. शेजारच्या पट्टीवर जायचं, मग ती काळी असो की पांढरी, म्हणजे अर्धा सूर. अर्धा सूर वर गेलं की शार्प, अर्धा खाली आलं की फ्लॅट. सी आणि डीमधली काळी पट्टी खालून आलात तर सी शार्प, वरून आलात तर डी फ्लॅट. आणि ई-एफमध्ये मुळातच अर्ध्या सुराचं अंतर, तर काळी पट्टी घुसणार कुठे? म्हणजे ई शार्प वाजवायचा म्हटला तर तो पांढराच निघतो. यात हॅपी आणि सॅड कुठून आलं? मला समजायला एक दुपार लागली. सरांच्या भिंतीवर प्रमाणपत्रं टांगलेली होती.

मग वार्षिक कार्यक्रम आला. आमच्या बॅचला एक इंग्रजी धून दिली. कागदावर सुरुवातीलाच एफच्या रेषेवर शार्पची खूण होती, म्हणजे धुनेतला प्रत्येक एफ काळा वाजवायचा. इथवर सरही बरोबर होते. पण मध्येच एका ठिकाणी एफच्या आधी नॅचरलची खूण आली. मी विचारलं, "सर, इथे पांढरा ना?"

"नो, नो. नॅचरल म्हणजे नॅचरली वाजवा. हात सैल सोडा. रिलॅक्स."

मला खरंच वाटलं, थट्टा करताहेत. पण इंजिनिअर खांदे सैल सोडून वाजवू लागले आणि सर म्हणाले, "ब्यूटिफुल!"

"सर, ती खूण शार्प काढून टाकते," मी म्हटलं. "दोन उभ्या रेघांमधल्या तेवढ्या घरापुरता एफ पांढरा होतो, पुढची रेघ ओलांडली की परत काळा."

"मॅम, तुमचं इंडियन बॅकग्राउंड आहे. सुरुवातीला त्रास होतो."

रिक्षात बसल्यावर जावेनेच विषय काढला. "आपण कागदावर आसा तसाच वाजवया. तो गेलो खड्ड्यात." मीही तेच ठरवलं होतं.

कार्यक्रमाला हॉल भरला होता. धून नीट चालली होती. ती जागा आली. आम्ही दोघींनी पांढरी दाबली, बाकी सगळ्यांनी सैल हाताने काळी. दोन्ही सूर एकदम वाजले आणि दारात बोट चेमटल्यासारखा आवाज आला. पुढच्या रांगेतलं बाळ रडायला लागलं. मला वाटलं, आता तरी कुणी मान वर करेल.

सरांनी माइक घेतला. "दॅट वॉज जॅझ, लेडीज अँड जंटलमन!"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! माझा नवराही वाजवत होता.

नंतर मागच्या खोलीत सर मला म्हणाले, "मॅम, टीमवर्क नावाची गोष्ट असते." मी समोरचा कीबोर्ड सुरू केला, तीच ओळ आधी त्यांच्या पद्धतीने वाजवली, मग कागदाप्रमाणे. कानाने ऐकणाऱ्याला आणखी काही सांगावं लागलं नसतं. कॉलेजातल्या बाई म्हणाल्या, "दोन्ही छान वाटतंय." इंजिनिअर वडा खात होते. सरांनी टोपी नीट केली आणि फोटोसाठी सगळ्यांना बाहेर बोलावलं. आम्ही दोघी फोटोत नाही.

क्लास आम्ही त्याच दिवशी सोडला. अकादमी जोरात आहे, आता वरच्या मजल्यावरही जागा घेतली म्हणे. आम्ही जावेकडे बसतो, तिच्या मुलाचा जुना कीबोर्ड आहे. परवा एका कागदावर डबल शार्पची खूण भेटली. बराच वेळ डोकं लावलं, मग कळलं की सूर दोनदा अर्धा वर न्यायचा आहे, बाकी काही नाही.

"आणि सरांनी काय सांगितलं असतं?" मी विचारलं.

"डबल रिलॅक्स," जाऊ म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.