वेल्डिंगच्या कोर्सला फौजी निरोप

साताऱ्यातल्या तीन महिन्यांच्या वेल्डिंग कोर्सला निघालेल्या माणसाला हलगी वाजवून, गुलाल उधळून एसटीत बसवणारं गाव अख्ख्या हिंदुस्थानात एकच, आमचं. पाटणच्या वर, डोंगरात. घरटी एक फौजी; सरकारी शिक्क्याचा कागद आला की पोरगा भरती झाला, एवढंच गावाला ठाऊक. माझ्या कागदावर होतं ‘युवक कौशल्य प्रशिक्षण, शासकीय अनुदानातून’. वाचतंय कोण? ओवाळणाऱ्या बाया इतक्या, की निरांजनांच्या धगीनं माझ्या भुवया करपल्या. वेल्डिंगचा पहिला धडा तो.

माझे वडील, आबा, निवृत्त हवालदार. त्यांच्या कानाशी लागून म्हणालो, “आवं आबा, ह्यांना खरं सांगा की.”

“गप रं. गावानं निरोप दिलाय. आता मधनंच माघारी यायचं न्हाई.”

पहिला महिना राजेशाही. होस्टेल फुकट, मेस फुकट. माझा वेल्डिंगचा जोड मात्र असा, की कोंबडी चिखलातनं पळाल्यासारखा दिसे. दुसऱ्या महिन्यात अनुदानाचा हप्ता वरच कुठंतरी अडकला आणि मेस बंद पडली. पोरं एकेक करून पांगली. सांगलीकडचा अजित, माझ्या शेजारच्या कॉटवरचा, माझ्या निरोपाची कथा ऐकलेला, जाताना भडंगाची पिशवी हातात कोंबून म्हणाला, “गड्या, चल घरला. का सीमेवरनं सुट्टी मिळंना तुला?”

हसलो, पण पाय उचलेना. अर्ध्यातनं परतलो असतो तर पारावरच्या सगळ्या सुभेदारांनी आबांना विचारलं असतं, “पळून आला व्हय?” सकाळी उसाच्या ट्रॉल्या जोडणाऱ्या गॅरेजात राबायचो, दुपारी वर्ग, आणि पोटात भडंग. सतरा दिवस! शेवटी तर मी चाललो तरी कुरकुर आवाज यायचा.

एकदा घरी फोन केला. आबांनी विचारलं, “जेवलास?”

“जेवलो.”

“खोटं.”

दुसऱ्या दिवसापासून पाटणच्या एसटीनं डबा येऊ लागला. रोज वेगळ्या घरचा, वेगळ्या हातचा. डबा आणणाऱ्या, आमच्याच गावच्या कंडक्टरमामांना मी म्हणालो, “मामा, गावाला वाटतंय मी फौजेत हाय. लय पाप लागंल मला.”

ते खो खो हसले. “येड्या, गावाला पहिल्या दिवसापास्नं ठावं हाय. पर निरोप द्यायची आमाला एवढीच रीत येती, काय करावं?”

हप्ता आला, मेस सुरू झाली, बावीस जणांतले आम्ही तिघं परीक्षेला बसलो. आज मी शारजात जहाजं जोडतो. इथं कॅम्प, ओव्हरटाइम, सेफ्टी शूज, आणि चहासुद्धा टाइमशीटवर. गावात राहिलेल्यांनो, माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, घर म्हणजे काय असं कुणी विचारलं की मी नेहमीसारखी थाप मारत नाही, एवढंच सांगतो: मी हरून परतलो असतो, तरी डबा पाठवणाऱ्या त्या घरांनी ताट वाढलंच असतं. तेव्हा मला हे कळलं नाही, म्हणून तर मधनंच माघारी न फिरता इतक्या लांब आलो.